सात नंबरची पाहणी

१५ ऑगस्ट १९७२, मंगळवार. सकाळी ७.
आज स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. त्या निमित्ताने ही वही सुरू करत आहे. दोनशे पानी, रेघांची. वही फक्त माझ्यासाठी आहे. तरी प्रत्येकाची ओळख सुरुवातीला एकदा लिहावी, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

मी : कानिफनाथ रंभाजी. वय तेवीस. शिक्षण नववी पास, दहावी अर्धी. हुद्दा : देखरेख-प्रमुख, शिल्पवाट.

शिल्पवाट म्हणजे : गेल्या माघात मुंबईहून राधाकृष्ण सर सहा विद्यार्थी घेऊन आले. आमच्या माळावर चाळीस दिवस तंबू ठोकून राहिले. इथल्याच काळ्या दगडाची नऊ शिल्पे केली आणि फाट्यापासून वाडीपर्यंतच्या पायवाटेवर ठेवून गेले. शिल्पे नव्या पद्धतीची आहेत, म्हणजे कशाचीच नाहीत. सर म्हणाले, लोकांनी चालत यावे, पाहावे आणि पुढे जावे. निघताना त्यांनी मला पत्र दिले, 'श्री. कानिफनाथ यांनी शिल्पांकडे लक्ष ठेवावे.' शिक्का नाही, पण सही आहे. पत्र ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

संकल्प : (१) रोज सकाळ-संध्याकाळ नऊही शिल्पांची पाहणी. (२) प्रेक्षकांचे रजिस्टर. (३) दर पंधरा दिवसांनी सरांना रिपोर्ट. (४) सर लवकरच मला कायम करतील. हा संकल्प नाही, पण इथेच लिहून ठेवतो.

राही (माझी पत्नी) परवा पंचमीसाठी केडगावला माहेरी गेली. आठ दिवसांत येईल.

१६ ऑगस्ट, बुधवार.
पाहणी : १ ते ९ जागेवर. प्रेक्षक : ०. शेळ्या : ११ (रजिस्टरात घेतल्या नाहीत). सात नंबरची पाहणी दोन वेळा जास्त झाली.

सात नंबरची पाहणी जास्त का होते, हे आजच लिहून टाकतो. पुन्हा लिहावे लागणार नाही. जूनमध्ये आम्हाला मुलगी झाली. नऊ दिवस होती. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात आणि वर जड दगड ठेवतात, म्हणजे कोल्हीकुत्री उकरत नाहीत. पाऊस नव्हता. माळ पहारीला दाद देत नव्हता. भीमा (पाचवीपर्यंत माझ्या बाकावर, नंतर सरांच्या हाताखाली दगड घडवायला) म्हणाला, सात नंबरच्या पायासाठी सरांनी खणलं हुतं, तिथली माती अजून मऊ हाय, आन् दगुड बी तिथंच हाय. चौघांनी पहारी लावून सात नंबर बाजूला केला, भीमाने खणले, आणि दगड पुन्हा होता तसा ठेवला. एका इंचाचाही फरक नाही. मी मोजला आहे.

तिचे नाव ठेवायचे राहिले होते. सात नंबरच्या पाटीवरही 'शीर्षक नाही' असेच आहे. तसे नऊही पाट्यांवर आहे. सर नावे देत नाहीत.

राही जाताना म्हणाली, मला सध्या इथं राहवत न्हाई. पर तो दगुड हलू देऊ नका. मी येते. मी म्हणालो, दगडांची जबाबदारी अधिकृतपणे माझ्याकडेच आहे. ती काही बोलली नाही. तिला पटले असावे.

२७ ऑगस्ट, रविवार.
राही आली नाही. एस.टी.ला गर्दी असते.

शिल्पवाटेचे नियम तयार केले. १. हात लावू नये. २. बसू नये. ३. मिरच्या, धुणे, शेण्या वाळवू नयेत. ४. शिल्पाजवळ खणू अगर काही पुरू नये. चौथा लिहून झाल्यावर पेन थांबले. पण यादी सरांना पाठवायची आहे आणि तीन नियम अपुरे वाटतात. ठेवला.

पाच नंबरवर छबूबाईच्या (शेजारीण) मिरच्या होत्या. विचारले तर म्हणाली, सपाट हाय, उन्हात हाय, काळा हाय. तुजा सायेब माज्यासाठीच घडवून गेला. तिला नियम तीन वाचून दाखवला. म्हणाली, मला वाचता येत न्हाई, मंग मला तो लागू बी न्हाई. कायद्याने हे चूक आहे. तसे तिला सांगितले. मिरच्या तशाच.

टिनाच्या नऊ पाट्यांपैकी सहा गायब. एक छबूबाईच्या खुराड्याला ठोकलेली दिसली. 'शीर्षक नाही' हा भाग बाहेरच्या बाजूला आहे. कोंबड्या आत.

१० सप्टेंबर, रविवार.
पाट्यांवर कायमचा उपाय केला. सुप्याहून पांढरा ऑइल पेंट आणून नऊही दगडांवर नंबर टाकले. आकडा नऊ इंच उंच. खाली बाण, पुढच्या शिल्पाच्या दिशेने. आता कोणी चुकणार नाही आणि पाटी चोरीला जाणार नाही. काम इतके स्वच्छ झाले आहे की शंभर फुटांवरून वाचता येते. मी वाचून पाहिले.

भीमा म्हणाला, कानिफ, ही शिल्पं हायेत का मैलाचं दगुड? सर बगतील तर रडतील. मी म्हणालो, याला सिस्टीम म्हणतात. भीमाला कलेतले कळत नाही. त्याने सरांच्या हाताखाली नऊपैकी फक्त सात घडवले.

प्रेक्षक : १ (गुरांचे डॉक्टर). तीन नंबरच्या आडोशाला गेले होते. रजिस्टरात सही देण्यास नकार.

२४ सप्टेंबर, रविवार.
पाऊस नाही. हे तिसरे वर्ष.

रतनबाई आली. ही बांगड्यावाली, डोक्यावर हारा घेऊन केडगावपासून वाड्यावाड्या फिरते. राहीचा निरोप आणला : दगुड जाग्यावर हाय का? आन् त्यात पानी हाय का?

सात नंबर आडवा आहे, गुडघ्याएवढा उंच, आणि वरून ओंजळीसारखा खोलगट. पावसाचे पाणी साचावे म्हणून सरांनी तसा ठेवला. राही रोज त्यात तांब्याभर पाणी ओतायची. पाखरांसाठी, असे म्हणायची.

उत्तर दिले : दगड शंभर टक्के जागेवर. पाण्याविषयी, चालू हंगामात पर्जन्य नसल्याने खळगा कोरडा असणे साहजिक आहे. रतनबाई म्हणाली, कानिफभाऊ, एवढं माज्या हाऱ्यात मावायचं न्हाई. हाय एवढंच सांगते.

२५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.
सात नंबरचा खळगा ओला आढळला. कारण : दव. बाकीचे आठ दगड कोरडे. खोलगट जागी दव जास्त पडत असावे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार.
आजचा दिवस महत्त्वाचा.

तालुक्याहून ओव्हरसियर साहेब आले. दुष्काळी कामांत फाटा ते वाडी रस्ता मंजूर झाला आहे आणि आठ-पंधरा दिवसांत लोकांना कामावर घ्या असा वरून तगादा आहे. साहेब जीपमधून उतरले आणि एक नंबरसमोर उभे राहिले. नंबर पाहिला, बाण पाहिला. म्हणाले, अरे वा, आखणी झालेली आहे की. कोणाचं काम हे? मी पुढे होऊन म्हणालो, माझे. साहेब म्हणाले, अक्षर छापल्यासारखं आहे. आमच्या माणसांना असं जमत नाही. क्रम बरोबर आहे ना? मी म्हणालो, साहेब, एक ते नऊ. एक इंच इकडे-तिकडे नाही.

टेपचे टोक मी धरले. एक ते नऊ पूर्ण मोजणी झाली. एकूण सहा हजार सहाशे फूट. सात नंबर फाट्यापासून चार हजार आठशे बारा फुटांवर. तिथे साहेबांनी बुटाची नाडी बांधायला दगडावर पाय ठेवला. नियम एक आणि दोन. बोललो नाही. साहेब पाहुणे आहेत.

याचा अर्थ सरकारने शिल्पवाटेची दखल घेतली. रस्ता शिल्पांच्या कडेने जाणार. मोटारी येणार. रजिस्टर अपुरे पडेल. शिल्पांविषयी माहिती द्यायची तेवढी राहिली. ती पुढच्या भेटीत.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.
भीमाला सांगितले. तो म्हणाला, अरं येड्या, आखनीचा दगुड म्हंजी रस्त्याची मधली रेघ. रस्ता दगडाच्या कडंनं जात न्हाई, दगडावरनं जातो.

तसे असल्यास गैरसमज झाला आहे. सोमवारी साहेबांना सांगतो. दोन मिनिटांचे काम आहे.

१६ ऑक्टोबर, सोमवार.
साहेब आले नाहीत.

८ नोव्हेंबर, बुधवार.
काम सुरू झाले. मला हजेरी कारकून नेमले. साहेबांनी माझ्या अक्षरावरून नेमले, हे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. मस्टरवर एकशे त्रेचाळीस नावे. भीमा टोळीचा मुकादम. छबूबाई आहे. आई (गोजरबाई) आहे. नाव लिहिताना आईला वय विचारले. ती म्हणाली, तूच लिही, तुला समदं मोजता येतंय.

दुपारी सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा खाऊ) वाटली. काही जणांनी तिथे खाल्ली नाही, पदरात बांधून घरी नेली.

आज साहेबांना गैरसमजाविषयी सांगणार होतो. पण पहिला दिवस होता आणि लोक दोन महिन्यांनी हसत होते. आखणी बदलायची तर काम थांबणार. योग्य वेळ पाहून सांगतो.

केडगावला निरोप पाठवला : मला सरकारी पोस्ट मिळाली. राहीने लगेच यावे.

२० नोव्हेंबर, सोमवार.
एक नंबर फोडला. रस्त्याच्या तळाला मोठे दगड बसवतात, त्याला सोलिंग म्हणतात. त्यात गेला. एक नंबर तसा फाट्याजवळ होता, धुळीत. सरांनाही तो फारसा आवडत नसावा. ते तसे म्हणाले नव्हते, पण चेहऱ्यावरून वाटायचे.

राहीचा उलटा निरोप : पोस्ट मिळाली ते बरं झालं. दगुड हाय का?

५ डिसेंबर, मंगळवार.
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी अर्ज बरा. चार मसुदे झाले. विषय : समकालीन शिल्पांच्या जतनाबाबत. 'समकालीन' हा शब्द खात्री करण्यासाठी सुप्याच्या मास्तरांकडे जाऊन कोशात पाहिला. 'ली' दीर्घ, बरोबर होता. परत येईपर्यंत दोन नंबर फुटला होता.

१८ डिसेंबर, सोमवार.
सरांचे पोस्टकार्ड आले. यंदा येणे होत नाही. रस्त्याचे मी रिपोर्टात कळवले होते, त्यावर लिहितात, 'दगड उघड्यावर ठेवले तेव्हाच ते आपले राहिले नाहीत. दुष्काळात वाडीच्या उपयोगी पडत असतील तर पडू द्या. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.'

म्हणजे सर माझ्या कामावर समाधानी आहेत. कायम करण्याचा उल्लेख नाही, पण पोस्टकार्डात जागा कमी असते.

सात नंबरखाली काय आहे ते सरांना कधी कळवलेले नाही. रिपोर्टात तसा रकाना नाही.

१४ जानेवारी १९७३, रविवार. संक्रांत.
रतनबाई तिळगूळ घेऊन आली. राहीने दिलेला, चार दाणे. निरोप : पाडव्याला येते. येतानाच दगडात पानी घालते, मंग घरात येते.

म्हणजे राही येणार. कायमची येणार, असा त्याचा अर्थ होतो.

रतनबाई फाट्यावरून चालत आली होती. म्हणाली, वाटंत चार दगुड दिसलं न्हाईत. तिनं चार न्हाई इचारलं, एकच इचारलाय. तो हाय, त्यावर हात ठिवून आले. पर भाऊ, म्होरच्या खेपंला मला खोटं बोलाय लावू नका.

संकल्प : अर्ज उद्या. फेअर कॉपी तयार आहे. शाई थोडी फिकी झाली आहे, ती तेवढी नवी करतो.

२८ जानेवारी, रविवार.
आज पाहणीला नेहमीपेक्षा आधी गेलो. सात नंबरपाशी आई होती. कामावर न्यायचा तिचा तांब्या तिने खळग्यात कलता केला होता. आड आटल्यापासून टँकरचे पाणी घरटी दोन हंडे मिळते. मी म्हणालो, आई, हे दिवसभर प्यायचे पाणी आहे. ती म्हणाली, पाखरं येत्यात. आन् तिला सांगितलंय मी, सून येईस्तवर मी हाय म्हून.

कोणाला सांगितले आहे, ते विचारले नाही.

सप्टेंबरपासूनच्या 'कारण : दव' या नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. एकूण सत्त्याऐंशी नोंदी आहेत.

११ फेब्रुवारी, रविवार.
सहा नंबर गेला. सोलिंग आता सात नंबरपासून दीडशे फुटांवर.

भीमा घरी आला. बसला नाही. म्हणाला, कानिफ, धा फूट. धा फूट वाकीव म्हनावं सायबाला, एका दिसात माजी टोळी वाकवून देती. अर्ज-बिर्ज नगं. कशापायी ते निस्तं तोंडानं सांग. त्यो बी लेकराबाळांचा मानूस हाय. मी म्हणालो, अर्जात सविस्तर मांडले आहे. भीमा म्हणाला, मांडलंय व्हय? पोरीचं मांडलंयस? मी म्हणालो, अर्ज शिल्पांविषयी आहे. तो गेला. चहा तसाच.

१९ फेब्रुवारी, सोमवार.
साहेब दुपारी आले. अर्ज दिला. सहावी फेअर कॉपी. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, हसले नाहीत. विचारले, शिल्प म्हणजे मूर्ती का? मी म्हणालो, नाही. पूजा होते? नाही. नवस-बिवस? नाही, साहेब, ते समकालीन आहे.

मग साहेब म्हणाले, हे बघा कानिफनाथ, रस्ता वळवायला मला कारण लागतं. देऊळ असेल, विहीर असेल, कोणाला पुरलेलं असेल, तर मी इथल्या इथं वळवतो. चार ओळी लिहितो, सही करतो, वर कोणी विचारत नाही. आहे का तिथं कोणाला पुरलेलं?

साहेबांनी पेनचे टोपण काढले होते. भीमा घण खाली टेकून उभा होता. आईने डोक्यावरची पाटी उतरवली आणि ती माझ्याकडे बघत राहिली. छबूबाईसुद्धा थांबली.

मी म्हणालो, नाही साहेब. नियम चारप्रमाणे तिथे काही पुरलेले नाही.

साहेबांनी टोपण लावले.

तसे का म्हणालो, ते लिहायचा प्रयत्न केला. तीन ओळी लिहून खोडल्या. या वहीत ही पहिलीच खाडाखोड. साहेबांनी ते लिहून घेतले असते, सरकारी कागदावर, शाईने. एवढेच सुचते.

संध्याकाळी आईने भाकरी वाढली आणि म्हणाली, तुजी जीभ बी वहीतच ठिवलीस का रं?

२० फेब्रुवारी, मंगळवार.
अजून वेळ गेलेली नाही. उद्या सांगणार. वाक्य तयार केले : साहेब, तिथे माझी मुलगी आहे. पाच शब्द. जोडाक्षर एकही नाही. सोपे आहे.

२१ फेब्रुवारी.
साहेब नगरला गेले होते.

२२ फेब्रुवारी.
साहेब आले. माणसे फार होती.

२४ फेब्रुवारी.
घसा बसला आहे. मिठाच्या गुळण्या केल्या. सोमवारी नक्की.

२६ फेब्रुवारी, सोमवार.
आवाज मोकळा झाला होता. सकाळी साडेसातला सात नंबरजवळ जाऊन उभा राहिलो. खळगा ओला होता. पाच शब्द मनात म्हणून पाहिले. साहेब जीपमधून उतरताच म्हणाले, मस्टर कुठं आहे? मस्टर तंबूत होते. आणायला गेलो.

भीमाने घण खाली ठेवला. म्हणाला, ह्ये माज्याच्यानं व्हनार न्हाई. कारण सांगितले नाही. ते सांगणे त्याचे काम नव्हते. त्याच्या टोळीतले अकरा जण त्याच्याबरोबर बांधावर जाऊन बसले. आई बसली. छबूबाई बसली. साहेबांना काही कळले नाही. त्यांनी पलीकडच्या वाडीची टोळी बोलावली.

कामावर येऊन बसून राहिलेल्यांसाठी मस्टरमध्ये रकाना नाही. भीमा : गैरहजर. छबूबाई : गैरहजर. गोजरबाई : गैरहजर. एकूण चौदा. गैरहजर असेल त्याला सुकडी नाही. अक्षर चांगले आले.

मला तंबूत घणाचे आवाज ऐकू येत होते. चौदा घाव. तेरापर्यंत आवाज एकसारखा होता.

२ मार्च, शुक्रवार.
शांतपणे विचार केला. रस्त्याचा भराव दीड फूट आहे. खाली खोदलेले नाही, वरच दगड बसवले आहेत. म्हणजे खालचे काहीही हललेले नाही. आधी एक जड दगड होता, आता शेकडो आहेत. कोल्हीकुत्र्यांचा प्रश्न कायमचा मिटला. उलट आता जास्त सुरक्षित आहे, असेच म्हणावे लागेल.

पाडव्याला राहीला हे तीन मुद्द्यांत सांगायचे. ती समजूतदार आहे.

आई माझ्याशी बोलते, पण कामापुरते. भीमा बोलत नाही. हजेरीच्या वेळी नाव पुकारले की नुसता हात वर करतो.

२५ मार्च, रविवार.
आठ आणि नऊ नंबर गेले. रस्ता वाडीपर्यंत आला. एकदम सरळ. साहेब म्हणाले, तालुक्यात एवढा सरळ रस्ता दुसरा नाही. आखणीचे श्रेय त्यांनी मला दिले.

शिल्पवाटेचे रजिस्टर बंद केले. एकूण प्रेक्षक : ३. ओव्हरसियर साहेब धरल्यास ४.

रतनबाई या महिन्यात वाडीवर आली नाही.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा.
राही आली.

तिला आणायला फाट्यावर जाणार होतो. पण मुद्दा दोन नीट बसत नव्हता, तो पुन्हा लिहिण्यात उशीर झाला. निघालो तर ती वाडीच्या तोंडाशी येऊन उभी. हातात फडक्याने बांधलेला तांब्याचा तांब्या. केडगावहून पाणी भरून आणला होता. एस.टी.त मांडीवर धरून. सांडला नव्हता.

ती नव्या रस्त्याने पूर्ण सव्वा मैल चालत आली होती आणि तिला जागा सापडली नव्हती. मला म्हणाली, सात कुठं हाय?

तीन मुद्दे आठवले नाहीत. म्हणालो, दाखवतो.

सहा हजार सहाशे वजा चार हजार आठशे बारा. वाडीकडून सतराशे अठ्ठ्याऐंशी फूट. घरातून टेप आणला. दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. भीमा त्याच्या दारात गुढीला काठी बांधत होता. काठी ठेवून आला आणि टोक धरले. शंभर फुटी टेप, अठरा वेळा लावला. राही मागून तांब्या घेऊन चालत होती. मी फक्त आकडे म्हणत होतो.

जागा आली तिथे खडूने रेघ मारली. राही म्हणाली, इथं? मी म्हणालो, इथेच. इंचाचा फरक नाही.

ती रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, सायबानी इचारलं न्हाई का, तिथं काय हाय म्हून? भीमा टेप गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. मी म्हणालो, विचारले.

खाली बसून तिने फडके सोडले आणि पाणी रस्त्यावर ओतले. मुरूम तापलेला होता. पाणी साचले नाही, लगेच आत गेले. राही वाकून एक शब्द बोलली. नाव असावे. मला नीट ऐकू आले नाही आणि पुन्हा विचारता आले नाही.

घरी आली. आईच्या पाया पडली. दोघी चुलीपाशी बसल्या. मिलोची (रेशनवरच्या लाल ज्वारीची) भाकरी केली, गूळ थोडा होता. आईने तिला, जाऊ नको, असे सांगितले नाही. मी वाट पाहत होतो.

५ एप्रिल, गुरुवार. दुपारी १.
राहीला फाट्यावर सोडून आलो.

जाताना मस्टरची पिशवी माझ्या हातात होती. मी बोलत होतो. पावसाळ्यानंतर हजेरी कारकुनांना कायम करण्याची शक्यता आहे, असे काहीतरी. चार हजार आठशे बाराच्या जरा अलीकडे राही रस्त्यावरून खाली उतरली. तरवडाच्या काटक्यांतून, बांधाच्या कडेने चालली, आणि पलीकडे पुन्हा वर आली. मी सरळ आलो. पुढे गेल्यावर लक्षात आले.

एस.टी. उशिरा आली. चढताना म्हणाली, आत्यांच्या (म्हणजे आईच्या) तांब्यात कामावर पुरेल एवढं पानी भरत जावा. एवढेच.

परत येताना ती उतरली होती ती जागा शोधली. पावले दिसत होती. उतरली तिथून पुन्हा वर आली तिथपर्यंत वीस पावले. रस्त्यापासून अंदाजे दहा फूट बाजूला. टेप बरोबर नव्हता.

ती वीस पावले मी खालून आलो.

संकल्प : नाही.
सात नंबरची पाहणी : एक वेळ.